हेड कोचच्या जागेचे कांदेपोहे

आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी दुसरी भाकरी मागितलेली नाही. पहिली संपली की ते ताटाच्या कडेला राहिलेले कण बोटानं टिपत बसतात, पाण्याचा घोट घेतात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. भूक असते, पण तोंडातून शब्द निघत नाही. लग्न झालं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. बिचारे किती दिवस अर्धपोटी उठले असतील कोण जाणे. शेवटी सासूबाईंनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, तो मागायचा न्हाई. त्याचं बोट बघत जा." तेव्हापासून मी बोट बघते. बोट ताटात फिरायला लागलं की भाकरी वाढते.

ह्या बोट बघण्यावर आमचा संसार कोल्हापुरात चालला आणि पुढे इथं, दुबईच्या पलीकडच्या रास अल खैमातही चालला. माझी काही तक्रार नव्हती. पण बायको बोट बघते म्हणून सगळ्या जगानं आपलं बोट बघावं, अशी एखाद्यानं आशा धरली तर काय होतं, ते मी गेल्या वर्षी जवळून पाहिलं. तेच सांगायचं आहे.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. मी ह्यांच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी आहे. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी ते चहाबरोबर गिळून टाकलं, पण नणंदांनी काही गिळलं नाही. अजून फोनवर विचारतात, "काय म्हणतायत आमचे धाकटे?" मी ह्यांना अहो-जाहो करते, ते मला अगं-तुगं करतात, सगळं रीतीप्रमाणे. फक्त भांडणात हरायला लागले की म्हणतात, "तू मोठी आहेस, तूच ठरव," आणि बाल्कनीत जाऊन उभे राहतात.

हे कोल्हापूरच्या पेठेतले. तिथल्या फुटबॉलबद्दल बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तालीम म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, पण तिथल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात आणि दोन पेठांची मॅच असली की त्या दिवशी सोयरीकसुद्धा थांबते. ह्यांनी आपल्या तालमीकडून बरीच वर्षं बचावात खेळून गुडघा खराब करून घेतला. मी आजऱ्याची. आमच्याकडे घनसाळ तांदूळ पिकतो, फुटबॉल पिकत नाही. ऑफसाईड म्हणजे काय हे ह्यांनी मला वाटाण्याचे दाणे मांडून तीन वेळा समजावलं आणि तिन्ही वेळा मी ते वाटाणे उसळीत घातले.

गुडघा गेल्यावर ह्यांनी खेळाच्या शिक्षणाची पदवी घेतली आणि इथल्या एका भारतीय शाळेत पी.टी. शिकवायला आले. मी मागून आले, टाइल्सच्या एका कंपनीच्या ऑफिसात लागले. पुढे ह्यांना इथल्याच एका कॉलेजात फुटबॉलचा असिस्टंट कोच म्हणून घेतलं. कॉलेजचं मैदान डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्या डोंगरांवर गवताची काडी नाही. संध्याकाळी मात्र ऊन उतरतं तेव्हा ते सगळे असे गुलाबी होतात की माझ्यासारखं रुक्ष माणूसही मान वर करून बघतं. वारा फिरला की सिमेंटच्या कारखान्यांची धूळ येते, आणि मग बाल्कनी पुसायची ती मीच.

तर, असिस्टंट कोच. हेड कोच वेगळा. आमच्या डोळ्यांदेखत तीन हेड कोच होऊन गेले. पहिले एक इंग्रज, उन्हानं कायम लालबुंद. त्यांच्या बायकोला इथला उन्हाळा मानवला नाही. दुसरे ब्राझीलचे, स्वभावानं लाख माणूस, त्यांना दुसरीकडे मोठी जागा मिळाली. तिसरे ट्युनिशियाचे. सलग हरत गेले आणि गेल्या वसंतात सीझन संपता संपता त्यांना नारळ मिळाला. प्रत्येक वेळी जुना गेला की नवा येईपर्यंत संघ हेच सांभाळायचे, आणि नवा आला की त्याच्यासाठी खुर्ची पुसून बाजूला उभे राहायचे.

ह्या वेळी मात्र मला वाटलं, आता तरी. पोरं ह्यांची, मैदान ह्यांना पाठ, गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत. मी रोज ह्यांच्या तोंडाकडे बघायची. हे रोज येऊन बूट काढायचे, हातपाय धुवायचे आणि विचारायचे, "आज काय केलंयस?"

मुलगी बारावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. एक दिवस ती जेवताना म्हणाली, "बाबा, जस्ट अप्लाय. व्हॉट्स द बिग डील?"

"बघू की," हे म्हणाले.

हे 'बघू की' मी ओळखते. त्याचा अर्थ विषय संपला.

आणि मग ते झालं ज्यानं माझं डोकं फिरलं. कॉलेजात खेळाचा सगळा विभाग एका लेबनानी मॅडमच्या हाताखाली आहे. हुशार बाई, तोंडानं फटकळ, मनानं चांगली. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, की बाहेरून तीन-चार उमेदवार बघायला येणार आहेत. आपलं गाव दुबईपासून लांब, मेट्रो नाही, झगमगाट नाही. चांगली माणसं येऊन बघतात आणि परत जातात. तेव्हा तू त्यांना विमानतळावरून आण, सगळं फिरवून दाखव, ही जागा त्यांच्या मनात भरली पाहिजे.

"मला म्हणाल्या, हबीबी, तुझ्याएवढं हे ठिकाण कुणाला माहीत नाही. सेल द जॉब. यल्ला, लाग कामाला," हे घरी येऊन म्हणाले. आणि वर मलाच विचारलं, "अगं, तुला काय वाटतं? ह्या जागेत माणसाला आवडण्यासारखं काय काय आहे?"

मी पोळपाटावरून मान वर केली. "तुम्ही हो म्हणालात?"

"मग काय नाही म्हणू? पाहुणे येणार आहेत."

"अहो, आवडत्या मुलीसाठी दुसऱ्यांची स्थळं आणायला निघालाय तुम्ही. कळतंय का?"

ते हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि हे हसत होते. मग म्हणाले, "मुलीला चांगलं स्थळ मिळायला पाहिजे, एवढंच आपल्या हातात." त्यावर मी लाटणं असं आपटलं की मुलगी खोलीतून बाहेर आली.

पण एकदा अंगावर घेतलं की हे काम मनापासून करतात, तो त्यांचा दोषच आहे म्हणा ना. पुढचे काही दिवस घरात दुसरा विषय नव्हता. हेड कोचला काय लागतं? राहायला घर, ते कॉलेज देतं. मुलांना शाळा जवळ. मैदानावर दिवे, नवं गवत, खोटं असलं तरी पायाला मऊ. मालक लोक लगेच हाकलत नाहीत, ट्युनिशियाच्या बाबांनाही सीझन पुरा करू दिला. आणि पोरं. इजिप्तची, केरळची, नायजेरियाची, इथली अमिराती, एक रत्नागिरीचा. हे म्हणायचे, "पोरं ऐकतात गं. हे कसं सांगायचं त्यांना? ग्राउंड दाखवता येतं, पोरं ऐकतात हे कसं दाखवायचं?"

पहिला उमेदवार आला तो उंचापुरा, दाढी कोरलेली. त्यानं बजेट विचारलं, व्यायामशाळेतली यंत्रं मोजली, डोंगराचा फोटो काढला आणि दुबईला परतायची घाई केली. दुसऱ्यानं विचारलं, फुटबॉलच्या जोरावर किती मुलांना प्रवेश देता येईल, आणि हरलो तर व्यवस्थापन किती दिवस धीर धरेल. हे आल्यावर सगळं मला सांगायचे, कोण काय म्हणाला, कुणाच्या डोळ्यात काय दिसलं. "दुसरा बरा आहे," ते म्हणाले. "धीर धरणार का, असं विचारलं त्यानं. म्हणजे त्याला राहायचंय."

तिसऱ्याला हे जेवणाच्या वेळेआधीच घरी घेऊन आले. विमान लवकर उतरलं होतं, कॉलेजात मॅडम मीटिंगमध्ये होत्या, आणि पाहुण्याला गाडीत बसवून ठेवायचं कोल्हापूरच्या माणसाच्या रक्तात नाही. शनिवार असल्यामुळे मी घरात होते. मी काय करणार? पोहे भिजवले. कांदा चिरताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळं काही कांद्याचं नव्हतं. बघण्याचा कार्यक्रम साग्रसंगीत झाला, वर खोबरं-कोथिंबीर पेरून.

तो माणूस खरंच चांगला होता. पिकलेले केस, बोलणं हळू, कुठल्याशा थंड देशातला. पोहे दोनदा मागून घेतले. हो, मागून घेतले. मॅडमचा फोन आला म्हणून हे बाल्कनीत गेले तेव्हा तो मला म्हणाला, "मी बऱ्याच जागा पाहिल्या. ग्राउंड सगळीकडे असतं, पैसे कमी-जास्त असतात. ह्या जागेत सगळ्यात चांगली गोष्ट काय आहे सांगू? तुमचा नवरा ह्या जागेबरोबर मिळतो. असा असिस्टंट असला की हेड कोच रात्री झोपू शकतो. ते इथंच राहणार आहेत ना? मला एवढंच जाणून घ्यायचं होतं."

मी "हो, राहतील" असं काहीतरी म्हणाले आणि चहाचं निमित्त करून आत गेले. चहाचं आधण ठेवलं. तीन आठवडे हे ज्या जागेचं कौतुक करत फिरत होते, त्या जागेतलं खरं कौतुकाचं हेच होते आणि ते ह्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं. मला राग कुणाचा येत होता तेच कळेना. त्या पाहुण्याचा तर मुळीच नाही.

सोमवारी मी ऑफिसातून परस्पर मैदानावर गेले. इतक्या वर्षांत मी सराव बघायला फारशी गेलेले नाही, मॅचला जाते आणि चुकीच्या वेळी टाळ्या वाजवते. पायऱ्यांवर जाऊन बसले. ह्यांच्याशी भांडायला आले होते, पण सराव चालू होता म्हणून थांबले.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळे हेड कोच शिट्टी वाजवायचे, हे मी मॅचच्या आधी पोरांना पळवताना ऐकलेलं. हे टाळ्या वाजवत होते. थांबायचं असलं की एक टाळी, पळायचं असलं की दोन. मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांना ऐकू जावी म्हणून हे हात डोक्यावर नेऊन इतक्या जोरात टाळी वाजवत होते की मला इथं बसून तळहात झोंबल्यासारखे झाले. आणि कोचच्या खोलीचं दार उघडं होतं, तिथं खुंटीवर शिट्टी लटकत होती. काळ्या दोरीची.

सूर्य बुडाला, मग्रीबची अजान झाली. नमाज पढणारी मुलं बाजूला चटया अंथरून उभी राहिली, बाकीची पाणी प्यायला गेली. हे पायऱ्यांकडे आले, मला बघून दचकले.

"काय गं? घरी काही झालं?"

"घरी सगळं ठीक आहे. ती शिट्टी कशाला टांगून ठेवलीय?"

"ती हेड कोचची."

"हेड कोच आहे कुठं? कधीचा गेला. तुम्ही टाळ्या पिटत बसलाय शाळेतल्या बाईंसारख्या."

हे माझ्या शेजारी बसले. गुडघ्यावर हात फिरवला. मग त्यांनी मला जे सांगितलं ते लग्नाला इतकी वर्षं होऊन मला माहीत नव्हतं. त्यांच्या तालमीत शिट्टी कुणी आपल्या हातानं गळ्यात घालत नाही. वस्तादांना वाटलं की आता हा संघ सांभाळेल, तर तालमीतलं वयानं सगळ्यात मोठं माणूस उठतं आणि चारचौघांसमोर ती त्याच्या गळ्यात घालतं. तोपर्यंत कितीही चांगला असलास तरी टाळी वाजवायची. जो आपण होऊन शिट्टीला हात लावतो, त्याला तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण पाठ वळली की हसतात.

"वस्ताद मला म्हणाले होते, पुढच्या सीझनला बघू," हे म्हणाले. "पुढच्या सीझनला मी इथं होतो."

मला एकदम त्यांचा तो तरुणपणीचा चेहरा आठवला, इथं यायच्या दिवशी विमानतळावर पुन्हा पुन्हा मागं बघणारा. मला तेव्हा वाटलं होतं, आईला सोडून जाताना वाईट वाटतंय.

"अहो, पण इथं तालीम कुठं आहे?"

"न्हाई की. म्हणून तर."

"मग इथं तुमच्या गळ्यात कोण घालणार?"

त्यांनी बुटावरची धूळ झटकली. मी विचारलं, "तुम्हाला ही जागा हवी आहे का? हो का नाही, एवढंच सांगा."

"मिळाली तर नको कशाला म्हणू?"

"हे हो आहे का नाही आहे?"

त्यांनी मैदानाकडे बघितलं. मुलांची नमाज संपत आली होती. मग म्हणाले, "असिस्टंटचं काम तसं गोड असतं. पोरगा बाहेर बसला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. रडला तर पाणी द्यायचं. पण त्याला 'ऊठ, उतर मैदानात' असं मला म्हणता येत नाही. ते दुसऱ्यानं म्हणायचं. मी नुसता हात ठेवायचा." आणि मग अगदी हळू म्हणाले, "हात ठेवून ठेवून कंटाळलो गं मी."

मी भांडण घेऊन आले होते ते तसंच परत नेलं. ह्या माणसावर माझं किती प्रेम आहे ते मला त्या सिमेंटच्या पायरीवर कळलं, ह्या वयात. घरी जाताना गाडीत रडले आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतला पठाण ड्रायव्हर बघत होता त्याच्याकडे रागानं पाहिलं.

अर्जाची शेवटची तारीख गुरुवारी होती. बुधवारी ऑफिसातून येताना मी आमच्या खालच्या केरळी माणसाच्या दुकानात गेले. वह्या, खेळणी, चप्पल, सगळं मिळतं तिथं. शिट्टी मिळाली, दोरी काही मिळाली नाही. घरी येऊन शिवणाचा डबा उघडला. त्यात माझ्या परकराची एक नवी लाल नाडी होती. दुसरं काही नव्हतं, घातली ओवून.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला. मुलीला खोलीतून बोलावलं. समोरच्या दारातून भाभींना हाक मारली. त्या रत्नागिरीच्या, आमच्याहून वयानं लहान, आमच्या सुखदुःखाला पहिल्या धावणाऱ्या. त्या पिठाच्या हातानंच आल्या. "काय वो, काय झाला?"

"काही नाही. चारचौघं लागतात, तुम्ही आणि ही मिळून चारचौघं."

हे सरावावरून आले. बूट काढले, हातपाय धुतले, बाहेर येऊन बघतात तर तिघी ओळीनं उभ्या.

"आज काय केलंयस?" त्यांनी विचारलं खरं, पण आवाजात भीती होती.

मी म्हटलं, "ह्या घरात वयानं मोठं कोण?"

ते गोंधळले. "तू."

"किती महिन्यांनी?"

"सात. अगं पण भाभींसमोर..."

"ह्या गावात तुमच्या माणसांत वयानं सगळ्यात मोठी मी आहे. तुमच्या नणंदांना... माझ्या नणंदांना विचारा हवं तर. इकडे या."

मी शिट्टी काढली. लाल नाडी बघून मुलगी "ओह माय गॉड, मम्मा" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून तशीच राहिली. ह्यांनी एकदा नाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. पुढे आले आणि मान वाकवली. केस विरळ झालेत मागचे, ते मला नेमके तेव्हाच दिसले. मी शिट्टी गळ्यात घातली. घातल्याबरोबर ते सवयीनं माझ्या पायाशी वाकायला लागले, तालमीत तशी रीत असणार, मी किंचाळून मागं सरले. "अहो, पाप लावता काय मला!"

भाभी म्हणाल्या, "माशाल्ला." त्यांना काय चाललंय ते काडीचं कळलं नव्हतं, पण डोळे पुसत होत्या.

जेवणाआधीच बापलेक कॉम्प्युटरपुढे बसले. मी आत भाकरी थापत होते, पण कान बाहेर होते.

"लिही," हे म्हणाले. "मला ही जागा हवी आहे."

"बाबा, यू डोन्ट राइट इट लाइक दॅट. आधी एक्स्पीरियन्स लिहायचा." एवढं मराठी तिच्या तोंडून येणं म्हणजे तीही हललेली होती.

"आधी हेच लिही. मग बाकीचं."

अर्ज गेला. मुलाखत झाली. मग वाट बघण्याचे दिवस आले आणि ते मी कसे काढले ते विचारू नका. टाइल्सच्या ऑर्डरीत रंग चुकवले, मॅनेजरची बोलणी खाल्ली. तो पिकल्या केसांचा पाहुणा मधूनमधून डोळ्यांपुढे यायचा. चांगला माणूस होता, त्यानं पोहे मागून घेतले होते, त्याला मिळाली असती तर मी कुणाला बोल लावणार होते? हे मात्र नाडीची शिट्टी गळ्यात घालून सरावाला जात होते. मुलांना वाटलं, भारतात पूजेचा असा लाल दोरा असतो. रत्नागिरीच्या मुलानं ओळखली म्हणे नाडी, पण पोरगं खानदानी, बोललं नाही.

एका संध्याकाळी हे नेहमीपेक्षा उशिरा आले. मुलगी क्लासला गेली होती. बूट काढले, हातपाय धुतले. 'आज काय केलंयस' विचारलं नाही. पानावर येऊन बसले. मी भाकरी वाढली, झुणका वाढला, आणि माझा धीर सुटला.

"सांगा आता. काय असेल ते."

"मिळाली," ते म्हणाले. "सध्या एका वर्षासाठी. मग बघतील."

मी समोरची खुर्ची ओढून बसले. पण हे खूश दिसत नव्हते. म्हणजे होते, पण त्याच्या खाली काहीतरी होतं. भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरून बसले.

"मॅडमनी बोलावलं होतं," ते म्हणाले. "दार लावून घेतलं. मला म्हणाल्या, हबीबी, तुझा अर्ज बघितला तेव्हा मला खरं वाटेना. गेल्या दोन्ही वेळा जागा निघाली की मी पहिल्यांदा तुझं नाव शोधलं. अर्ज नसला की मला हात लावता येत नाही, तसा रूल आहे. मी विचार केला, ह्याला नकोच असेल. तू शिट्टीसुद्धा कधी गळ्यात घातली नाहीस. नेहमी हसतमुख. मला वाटलं, हा आहे तिथं सुखी आहे, आपण कशाला त्याला अडचणीत टाकावं. ह्या वेळी मुद्दाम तुला उमेदवारांबरोबर फिरवलं. म्हटलं, बघून तरी ह्याला काही वाटतं का."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"म्हणजे गं," हे म्हणाले, "मी नुसतं बोललो असतो तर."

मला बोलायला पुष्कळ होतं. इंग्रजाच्या वेळचं, ब्राझीलवाल्याच्या वेळचं, मी तेव्हा काय काय म्हणाले होते ते. सगळं जिभेवर आलं. पण त्यांच्या गळ्यात माझी नाडी होती आणि डोळ्यांत पाणी होतं, तेव्हा मी फक्त "हो" म्हणाले. दोघंही वाट बघत होते, एकमेकांची. मॅडम अर्जाची आणि हे मॅडमची. इतकी वर्षं दोघांच्या मधे एक साधं वाक्य पडलं होतं आणि ते उचलायला कुणी वाकलं नाही.

"जेवा," मी म्हटलं. "गार होतंय."

ते जेवले. शांतपणे, शेवटचा घास झुणक्यात फिरवून. भाकरी संपली. पाण्याचा घोट घेतला. घड्याळाकडे बघितलं. आणि बोट ताटाच्या कडेनं फिरायला लागलं.

माझा हात सवयीनं डब्याकडे गेला. मग मी तो मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. जन्मात एवढं अवघड काम मी केलं नसेल. भुकेलेला नवरा समोर, डब्यात भाकरी, आणि मी ढिम्म बसलेली. सासूबाई वरून बघत असल्या तर शिव्या देत असतील. बोट कण टिपत गेलं, थांबलं. ह्यांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे, मग माझ्या तोंडाकडे. त्यांना कळलं. कान लाल झाले ह्यांचे, पन्नाशीच्या माणसाचे.

घसा खाकरला.

"अगं," ते म्हणाले, "अजून एक भाकरी दे."

मी डब्यातली दिली नाही. उठले, तवा पुन्हा तापवला, ताजी थापून पानात वाढली. ती संपल्यावर त्यांनी तिसरी मागितली.